कीटकाच्या वाढीवरील अंमल

यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या भूमीत ज्या कपाशीवर असंख्य कुटुंबांची वर्षभराची भिस्त असते, तिच्या बोंडात शिरणारी गुलाबी अळी जन्मतः जेमतेम एक मिलिमीटर लांबीची असून दोन-तीन आठवड्यांत सरकी पोखरीत बारा मिलिमीटरांपर्यंत पोहोचते. परंतु ही वाढ बेबंद नसते, तिच्यावर काही सूक्ष्म संप्रेरकांचा सक्त अंमल चालतो.

कीटकाची त्वचा ठरावीक मर्यादेपलीकडे ताणली जात नसल्यामुळे त्याला वारंवार कात टाकावी लागते. मेंदूतून निघालेले संप्रेरक छातीतील ग्रंथीला जागे करते आणि तिच्यापासून उत्पन्न होणाऱ्या एक्डायसोनामुळे कात टाकण्याची क्रिया सुरू होते. त्या वेळी शरीरात बाल-संप्रेरक विपुल असेल, तर अधिक मोठी अळीच जन्मास येते. ते ओसरले असेल, तर अळीचा कोष होतो. तंबाखूवरील शिंगाळ्या अळीच्या अभ्यासातून असे आढळले, की शेवटच्या अवस्थेत विशिष्ट वजन गाठल्यावर बाल-संप्रेरक आटू लागते. त्यानंतर अन्न तुटले तरी अळी कोषात जाते, मात्र पतंग खुजा निपजतो, कारण पंख फुटलेला कीटक पुढे वाढत नाही.

मेंदूचा हा अधिकार पोलंडचे शास्त्रज्ञ कोपेच यांनी 1922 पर्यंत प्रयोगांनी सिद्ध केला. आणि 1954 मध्ये बुटेनान्ट व कार्लसन या शास्त्रज्ञांनी कोषावस्थेतील सुमारे 500 किलो रेशीमकिड्यांतून अवघे 25 मिलिग्रॅम एक्डायसोन शुद्ध स्वरूपात मिळविले.

आपल्या बांधावरील कडुनिंबाच्या निंबोळीत असलेले अझाडिरॅक्टिन याच व्यवस्थेत व्यत्यय आणते: अळीची भूक मंदावते, कात अर्धवट राहते, वाढ खुंटते. त्याचा परिणाम सावकाश दिसतो, म्हणून 5 टक्के निंबोळी अर्क अळी लहान व उघड्यावर असतानाच फवारावा लागतो. ती बोंडात शिरल्यावर तो तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

2017 च्या हंगामात रासायनिक कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यातील अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. निंबोळी हा प्रत्येक किडीवरील रामबाण उपाय नव्हे. परंतु किडीच्या जीवनक्रमातील नाजूक घटका कोणती, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला विषाची मात्रा वाढवीत जाण्याची गरज कमी भासते. म्हणून औषधाच्या बाटलीबरोबर हे ज्ञानही प्रत्येक शिवारात पोहोचविणे हे कृषी खात्याचे आणि आपल्या सर्वांचे आद्य कर्तव्य होय.