अण्णा भाऊ साठे : गाणारा आणि रचणारा

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे आजोबा तरुणपणी गावच्या तमाशात झीलकरी होते. तुणतुणे हातात घेऊन शाहिराच्या मागे सूर धरायचा, एवढेच त्यांचे काम. पण आमच्या घरात ही गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही. मी कॉलेजात नाव घातले तेव्हा वडिलांनी बजावले होते, "तिथं तमाशाबिमाशाचं काढू नको."

गेल्या वर्षी ग्रंथालयात अण्णा भाऊ साठे यांच्या निवडक वाङ्मयाचा जाड खंड चाळत असता 'माझी मैना' ही छक्कड समोर आली आणि मी थबकलो. ती तर आजोबा गोठ्यात गुणगुणतात! मी समजत होतो, जात्यावरच्या ओवीसारखे ते आमच्या भागातले जुने गाणे असेल, कर्ता नसलेले. ते एका माणसाने रचलेले आहे आणि त्यामागे एक लढा आहे, हे मला त्या दिवशी कळले.

'फकिरा'चे लेखक म्हणून अण्णा भाऊ आपणा सर्वांना ठाऊक आहेत. १९५९ साली ती कादंबरी आली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून ते शाहीर होते. कादंबरीच्या उजेडात तो शाहीर काहीसा अंधारात गेला असे मला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा. वाळवा तालुक्यातले हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. मातंग समाजातल्या या मुलाची शाळा दीड दिवसात सुटली. लहान वयातच वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली. गिरणीत आणि मिळेल तिथे काम केले. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडातही ते वावरले. फड हीच त्यांची खरी शाळा, असे लिहिण्याचा मोह होतो. पण तसे लिहिले की शाळेत टिकू न देणाऱ्यांचा दोष झाकला जातो, म्हणून लिहीत नाही.

या फडात त्यांनी काय उचलले ते समजण्यासाठी तमाशाची मांडणी ध्यानात घ्यावी लागते. प्रथम गण, म्हणजे गणेशाला वंदन. मग गौळण : मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची मावशी आणि वाट अडवणारा कृष्ण. पुढे बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे गोष्ट. वगात राजा असतो, प्रधान असतो आणि त्यांची फिरकी घेणारा सोंगाड्या असतो. बोलणी पुष्कळदा लिहिलेली नसतात; प्रसंग ठरलेला, बोलायचे ज्याचे त्याने.

अण्णा भाऊंनी हा साचा मोडला नाही. ढोलकी, डफ, तुणतुणे सारे राहू दिले. सोंगाड्याही राहू दिला. मात्र गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन आले. गौळण त्यांनी काढूनच टाकली. वगातला राजा गेला आणि तिथे शेटजी, सावकार, पुढारी येऊन बसले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'पुढारी मिळाला' ही नावे वाचली तरी सोंगाड्याला आता कुणाची फिरकी घ्यायची होती ते कळते. समोर बसलेला कामगार गावाकडून हाच साचा डोक्यात घेऊन आलेला असे. त्याला वेगळे काही शिकवावे लागत नव्हते.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पडदा नको, नेपथ्य नको. चाळीचा चौक किंवा मैदान मिळाले की पुरे. त्या काळात त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला, बंगालच्या दुष्काळावर 'बंगालची हाक' रचला. वाटेगावचा माणूस रशियातल्या शहरावर पोवाडा रचतो आणि परळचा गिरणीकामगार तो ऐकतो, याचे मला प्रथम नवल वाटले. आजोबांना वाटले नाही. ते म्हणाले, "झील कशाला असती? शाहिराला दम घ्यायला आणि ऐकणाऱ्याला समजून घ्यायला." म्हणजे एक ओळ सांगायची, मागच्यांनी ती उचलायची, तेवढ्यात शेवटच्या रांगेपर्यंत अर्थ पोचतो. शहराचे नाव परके असले तरी अडत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी घातली. 'तमाशा' हा शब्द प्रतिष्ठितांना खटकत होताच. 'लोकनाट्य' हे नाव रुळले ते याच सुमारास, आणि त्यात अण्णा भाऊंचा वाटा मोठा आहे. नाव बदलून मान मिळतो, हे आमच्या वडिलांनाही पटेल!

आता त्या छक्कडीविषयी. ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. मुंबईला पोट भरायला आलेला गडी गावी राहिलेल्या आपल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ झाला आहे. तिचे रूप, तिचा निरोप, मग मुंबईतली त्याची परवड. बराच वेळ हे विरहाचेच गाणे वाटते. आणि अखेरीस कळते की बेळगाव, कारवार, निपाणी हा महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूखही तसाच अंतरला आहे. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची बायको खरोखरच गावी होती. त्यामुळे सीमाप्रश्न त्यांना नकाशावर दाखवावा लागला नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार, निपाणी मात्र आजही कर्नाटकात आहेत. छक्कड त्या अर्थाने अपुरीच राहिली आहे.

१९६१ साली अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले. त्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिले. पण मुंबईतली त्यांची बरीच वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत गेली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्याआधीच, ते हालाखीत वारले. २००२ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला.

पुस्तकात शब्द आहेत, चाल नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी ती छक्कड वहीत उतरवून घरी नेली आणि आजोबांना वाचून दाखवू लागलो. दुसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला. "तिथं थांबत न्हाईत. तिथं झील येती." मग त्यांनी स्वतःच म्हणून दाखवली, वडील ओसरीवर होते, ते काही बोलले नाहीत. मी म्हणालो, "आजोबा, हे कुणी रचलं ठाऊक आहे का?"

"अण्णा भाऊनं," ते म्हणाले. "फडात समद्यांस्नी ठावं हुतं. तू कवा इचारलंस?"