आखूड झालेली अंगडी : द्यावी, बदलावी की विकावी?

निरोगी बालकाचे जन्मवेळचे वजन पाचसहा महिन्यांत दुप्पट होते आणि वर्षअखेर सुमारे तिप्पट होते. जन्मताना पन्नास सेंटिमीटरांच्या आसपास असलेली त्याची लांबी वर्षभरात पंचाहत्तरच्या घरात जाते. मूल ज्या वेगाने वाढते, त्या वेगाने त्याचे कपडे मात्र झिजत नाहीत. बारशाला घातलेले झबले तिसऱ्या महिन्यात काखेत अडते. हौसेने शिवलेली कुंची सहाव्या महिन्यात कपाळावर चढते. धारच्या किल्ल्यात १७७५ साली जन्मलेला दुसरा बाजीराव असो की मजुराच्या खोपटातील पोर असो, अंगडे आखूड होण्याचा नियम सर्वांना सारखाच! मग पेटीत साठलेल्या या धडधाकट कपड्यांचे करावे काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला, तरी तो घरखर्चाचा आहे आणि शेजारधर्माचाही आहे.

धार आणि देवास ही माळव्यातील गावे आपल्यापासून दूर असली, तरी मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पवार घराण्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे तेथे गेली आणि तेथलीच झाली. देवासला तर एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदत होती. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात आणि १९५६ साली मध्य प्रदेशात विलीन झाली. राज्ये गेली, परंतु मराठी घरांतील बाळंतविडा, झबली, टोपरी आणि दुपटी यांचे कौतुक गेले नाही. या लेखापुरता आम्ही त्याच गावांचा विचार पुढे ठेवीत आहो; कारण तेथील गृहिणीपुढे जो पेच आहे, तोच आपल्या गावोगावच्या मातांपुढेही आहे.

जुन्या दोन वाटा

पहिली वाट देण्याची. थोरल्याचे अंगडे धाकट्याला, बहिणीच्या मुलाचे भावाच्या मुलाला, अशी ही घरगुती वारसाहक्काची रीत आहे. तान्ह्याला पहिले वस्त्र जुनेच घालावे, असा आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा दंडक असे. त्यात नजरेची भीती असेल, पण शहाणपणही होते. दहावीस वेळा धुतलेल्या सुती कापडातील खळ गेलेली असते, ते मऊ झालेले असते आणि कोवळ्या कातडीला टोचत नाही. एकत्र कुटुंबात ही साखळी सहज चाले. आता एकदोन मुलांचे घर झाले. धाकटा येईपर्यंत पाच वर्षे जातात, आणि बहीण इंदूरला तर भाऊ पुण्याला असतो. त्यामुळे साखळीची कडी मध्येच तुटते.

दुसरी वाट बदलण्याची. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येणारी बोहारीण कोणाला ठाऊक नाही? दारात बसून ती कापड उलटसुलट करून पाहते आणि चार साड्यांवर एक पातेले देण्यासाठी तासभर घासाघीस करते. तिचा व्यवहार कच्चा नव्हे. तिच्याकडचे धड कपडे दुरुस्त होऊन जुन्या बाजारात पुन्हा विकले जातात, फाटक्यांच्या यंत्रे पुसण्याच्या चिंध्या होतात आणि जुनी लोकर पानिपतच्या गिरण्यांत पिंजली जाऊन तिचे पुन्हा सूत निघते. परंतु तान्ह्याच्या अंगड्यात कापड ते किती? वीतभर! म्हणून पाटीवालीच्या हिशेबात बाळाच्या कपड्यांना फारसे मोल नाही.

तिसरी वाट : घरबसल्या लिलाव

तिसरी वाट नवी आहे. लिलाव हा शब्द आपण पोर्तुगीज भाषेतून घेतला, आणि आपल्या वाचकांना त्याची रीत सांगावयास नको. सणाच्या दिवशी देवळाच्या आवारात भोपळा किंवा केळ्यांचा घड बोलीला लागतो आणि बाजारभावाच्या कितीतरी पट चढतो, हे अनेकांनी पाहिले असेल. हाच लिलाव १९९५ साली कॅलिफोर्नियात पिअर ओमिड्यार यांनी संगणकाच्या जाळ्यावर आणला. पुढे ई-बे या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या बाजारात विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका प्रकाशदर्शक, आणि त्याचे सुमारे पंधरा डॉलर आले! एकाच्या घरची अडगळ दुसऱ्याला हवी असू शकते, हे त्यातून जगाला दिसले. अमेरिकेत आणि युरोपात असंख्य मातांनी मुलांचे आखूड कपडे या मार्गाने विकले. आपल्याकडे २००० साली 'बाझी' हा असाच बाजार निघाला; २००४ साली ई-बेने तो विकत घेतला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ई-बेची भारतीय पेठ बंद झाली. आज आपल्याकडे जुन्या वस्तू विकल्या जातात त्या बहुधा ओएलएक्स, फेसबुकचा बाजार किंवा ओळखीच्यांचे व्हॉट्सॲप गट यांवर, आणि त्याही ठरावीक किमतीला.

बोलीची रीत तान्ह्याच्या कपड्यांसाठी आपल्याकडे का रुजली नाही, हे समजून घेण्याजोगे आहे. समजा, दहा अंगड्यांचा एक गठ्ठा शंभर रुपयांपासून बोलीला लावला. एका मातेची तयारी तीनशे रुपयांची, दुसरीची दोनशे साठांची आणि तिसरीची दोनशेची. बोली दहादहा रुपयांनी चढत गेली, तर पहिलीला गठ्ठा दोनशे सत्तरला मिळेल. तीनशे द्यावे लागणार नाहीत. कारण दोनशे साठांवर दुसरी थांबली. आणि दुसरी व तिसरी आल्याच नसत्या, तर तोच गठ्ठा शंभरात गेला असता! म्हणजे लिलावात किंमत ठरते ती दुसऱ्या ग्राहकाच्या गरजेने. देवळाच्या आवारातील भोपळा चढतो, कारण तेथे सारे गाव जमलेले असते आणि बोलीमागे प्रेम असते. धारमध्ये त्याच आठवड्यात, त्याच मापाचे कपडे हवे असलेली दुसरी माता सापडणे कठीण. ती सापडली मुंबईत, तर टपालहशील कपड्यांच्या किमतीएवढे होऊन बसते. जेथे ग्राहक दाट आणि टपाल सुलभ, तेथेच ही रीत फळते.

विकावयाचे झाल्यास

यावरून आम्ही असे सुचवू की, सुटे झबले विकण्याच्या फंदात पडू नये. तीन ते सहा महिने, सहा ते नऊ महिने, असे वयाप्रमाणे गठ्ठे बांधावे आणि वयापेक्षा छातीचे व लांबीचे माप लिहावे. कारण सर्व मुले एकाच मापाने वाढत नाहीत. किंमत ठरावीक आणि माफक ठेवावी. ग्राहक शक्यतो जवळचा पाहावा. देवासच्या किंवा धारच्या गृहिणीला इंदूरची पेठ जवळ आहे, तशी आपल्यालाही एखादी असेलच. कापडात विशेष असेल तर ते आवर्जून सांगावे. धार जिल्ह्यातील बाग या गावचे खत्री कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात आणि धावडीच्या फुलांबरोबर उकळून त्याचा लाल रंग पक्का करतात. अशा कापडाचे दुपटे आणि गिरणीचे दुपटे एका भावात जाऊ नये.

सचोटीचा भाग त्याहून महत्त्वाचा. डाग असेल तर डाग आहे असे लिहावे व त्याचे छायाचित्रही द्यावे. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. सैल बटणे काढावी किंवा घट्ट टाकावी. तान्हे मूल बटण तोंडात घालते आणि ते घशात अडकते. गळ्याच्या नाड्यांविषयी विशेष जपावे. गळ्यातील नाडी कशात तरी अडकून मुले दगावल्यामुळे अमेरिकेतील ग्राहकसुरक्षा आयोगाने १९९६ साली मुलांच्या बाहेर घालावयाच्या कपड्यांतील अशा नाड्यांविरुद्ध मार्गदर्शक नियम काढले. आपल्या कुंचीला व झबल्याला नाड्या असतातच. त्या आखूड कराव्या किंवा काढून टाकाव्या.

आता फसवणुकीविषयी. "तुमचे पैसे पाठवितो, हे चौकोनी चित्र टिपा आणि गुप्त अंक टाका," असे सांगून लुबाडणारे अनेक आहेत. वाचकांनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे, की पैसे घेण्यासाठी यूपीआयचा गुप्त अंक कधीही टाकावा लागत नाही. तो टाकला की आपलेच पैसे जातात. तसे घडल्यास विलंब न लावता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. तसेच कपड्यांचे चित्र टाकावे, बाळाचे टाकू नये. बाळाचा चेहरा, घराचा पत्ता आणि आई घरी एकटी असण्याची वेळ ही माहिती चव्हाट्यावर मांडण्याची नव्हे.

देताना मान राखावा

आमचा कल कोणीकडे आहे, असे कोणी विचारील. विकण्यात कमीपणा नाही. कष्टाने आणलेल्या वस्तूचे मोल घेऊन त्यातून पुढच्या मापाचे कपडे घेणारी माता संसारच सांभाळीत असते. घेणारीलाही पुष्कळदा पन्नास रुपये देऊन घेतलेले अंगडे फुकट मिळालेल्यापेक्षा प्रिय असते. कारण त्यात तिची मान ताठ राहते. परंतु टपालहशील आणि खटपट वजा जाता हाती काहीच राहणार नसेल, तर पेटी अडवून ठेवण्यापेक्षा देऊन टाकणेच शहाणपणाचे.

मात्र देण्यालाही रीत हवी. दिल्लीचे अंशू गुप्ता यांनी १९९९ साली 'गूंज' ही संस्था काढली. त्यांना २०१५ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्यांच्या पद्धतीत खेड्यातील लोक आपल्याच गावासाठी विहीर, रस्ता, तळे अशी कामे करतात आणि त्याचा मोबदला म्हणून शहरांतून आलेले कपडे घेतात. घेणारा याचक ठरत नाही. हे तत्त्व आपल्या गल्लीतही पाळता येईल. फाटके, कळकट अंगडे गरिबाच्या अंगावर टाकणे हे दान नव्हे, ती अडगळ काढणे होय. जे आपल्या पुढच्या बाळाला घातले असते, तेच धुऊन, घडी करून, गाजावाजा न करता द्यावे.

एक वस्त्र मात्र विकू नये आणि देऊही नये : बाप्तिस्म्याचे शुभ्र अंगडे. ते घरातील सर्व भावंडांचे आणि पुढे त्यांच्या लेकरांचे आहे. बाकीची पेटी या महिन्यातच उघडावी. कापड पेटीत पिवळे पडते, आणि दोन घरांपलीकडचे बाळ तोवर त्या मापापुढे गेलेले असते.