एडवर्ड्स सिंड्रोम : आयुष्य किती, शुश्रूषा कशी?

गुणसूत्रांच्या १८व्या जोडीत एक गुणसूत्र अधिक आले, की अर्भकास एडवर्ड्स सिंड्रोम होतो. जॉन एडवर्ड्स यांनी १९६० साली त्याची नोंद केली. कमी वजन, घट्ट मिटलेल्या मुठी आणि बहुधा सदोष हृदय ही त्याची लक्षणे.

‘जगणार नाही’ एवढे ऐकूनच घरे हात टेकतात. बहुतेक बालके काही दिवसांत वा आठवड्यांत जातात, हे खरे. परंतु कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १३ टक्के बालके वर्षभर आणि सुमारे १० टक्के दहा वर्षे जगलेली आढळली. म्हणजे पहिले वर्ष निभावलेली बहुतेक पुढेही टिकली. सरासरी किती फसवी असते, हे व्यापारी घरांना सांगायला नको.

बाळाला दूध ओढण्याची ताकद नसते. नाकातून घातलेल्या नळीने आईचेच दूध देता येते. श्वास मध्येच थांबतो. तेव्हा काय करायचे, कृत्रिम श्वास व शस्त्रक्रिया कितपत, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. आजार बरा होत नसला तरी बाळाचा त्रास कमी करता येतो. नाशिकहून त्र्यंबक-मोखाड्यामार्गे जाता येते त्या जव्हारच्या सरकारी रुग्णालयात २०१० साली बालकांच्या उपशामक शुश्रूषेचा प्रकल्प सुरू झाला. आदिवासी भागात जे झाले, ते शहरात मागण्यास संकोच कसला?

सुनेच्या पूर्वकर्माची कुजबुज मात्र अक्षम्य आहे. आईच्या वयानुसार शक्यता वाढते, तरी बहुधा ही पेशीविभाजनातील आकस्मिक चूक असते. क्वचित ती आईवडिलांच्या गुणसूत्रांतील अदलाबदलीतून येते. बाळाच्या अहवालात तसे दिसल्यास पुढील गर्भारपणापूर्वी रक्ततपासणी करावी. केवळ सुनेची नव्हे, मुलाचीही.