दाहसूचक रक्तघटक आणि उच्च रक्तदाब

शरीरात दाह असताना रक्तातील ज्या घटकांचे प्रमाण वाढते, त्यांना दाहसूचक घटक म्हणतात. १९३० मध्ये शोध लागलेले, यकृतात तयार होणारे सी-रिॲक्टिव्ह प्रथिन (सीआरपी) हा त्यांतील एक प्रमुख घटक होय.

रक्तदाबाशी संबंध

अमेरिकेतील २०,००० हून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात (२००३), सीआरपी अधिक असलेल्यांना पुढे उच्च रक्तदाब होण्याचे प्रमाण अधिक आढळले. दाहामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील नायट्रिक ऑक्साइड घटून त्या पुरेशा प्रसरण पावत नाहीत, असे याचे एक स्पष्टीकरण आहे. तथापि, आनुवंशिकतेमुळे सीआरपी अधिक असलेल्या ब्रिटिश स्त्रियांचा रक्तदाब अधिक आढळला नाही (२००५). त्यामुळे सीआरपी हे रक्तदाबवाढीचे थेट कारण नसून लठ्ठपणा, धूम्रपान यांसारख्या दोन्हींमागील कारणांचे निदर्शक असावे, असे मानले जाते.

पुण्यातील अभ्यास

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुषांची तुलना केली (२००८). शहरवासीयांत शरीरातील चरबी व दाहसूचक घटक या दोहोंचे प्रमाण ग्रामीण पुरुषांपेक्षा अधिक होते.

निदान

संसर्ग किंवा दुखापतीनेही सीआरपी वाढते. म्हणून उच्च रक्तदाबाचे निदान या चाचणीवरून होत नाही, रक्तदाब वारंवार मोजूनच केले जाते.