खेचराचे भाडे

दुसऱ्याची वस्तू हक्काबाहेर वापरली आणि धडधाकट परत केली, म्हणजे हिशेब मिटतो काय? इस्लामी न्यायशास्त्रात ह्या प्रश्नाचा खल हदीसांच्या, म्हणजे परंपरेने आलेल्या वचनांच्या व वृत्तांतांच्या, आधारे झाला.

समुरा इब्न जुन्दुब ह्यांच्या नावे आलेली पैगंबरांची हदीस सांगते की, हाताने जे घेतले त्याची जबाबदारी ते परत देईपर्यंत त्या हातावरच राहते. अबू दाऊद, तिरमिझी ह्यांच्या सुन्नी संग्रहांतली ही हदीस शिया शास्त्रकारांनीही आधाराला घेतली. दुसरी हदीस हजरत आयेशांकडून आलेली: ज्याच्या शिरी जोखीम, त्याचे उत्पन्न.

आता कुलैनींच्या 'अल-काफी' ह्या शिया संग्रहातली, ८ व्या शतकातली हकीकत ऐका. कूफ्याच्या अबू वल्लादने एका ठरलेल्या गावापर्यंत खेचर भाड्याने घेतले. पण देणेकऱ्याचा माग काढीत तो बगदादला गेला व १५ दिवसांनी परतला. अबू हनीफांनी निवाडा दिला: ठरावाबाहेर नेताच जोखीम ह्याच्या शिरी आली, खेचर सुखरूप परतले, भाडे नाही. मालक हळहळत गेला. इमाम जाफर सादिकांनी मात्र सांगितले: जितकी वाट चाललास, तितके भाडे दे.

हा केवळ शिया-सुन्नी भेद नव्हे. सुन्नींतले शाफिईही वापराचा मोबदला मागतात. हनफींनीही पुढे वक्फ, पोरक्या मुलांची मालमत्ता व भाड्यासाठी ठेवलेल्या वस्तू अपवाद केल्या.

मी उभा जन्म कामगारांत काढला. जादा राबवलेला माणूस रात्री धडधाकट घरी पोचतो, म्हणून त्याचे देणे फिटत नाही. वस्तू परत करता येते. तिची खर्ची पडलेली मेहनत नाही. तिचे दामच मोजावे लागतात.