संगणकाचे विसरलेले कुलूप

कार्यालयातील कपाटाची किल्ली हरवली म्हणून ते कपाट कोणी भंगारात काढीत नाही. जुन्या संगणकाच्या नशिबी मात्र नेमके हेच येऊ शकते. यंत्र सुरू करताच पडद्यावर परवलीचा शब्द मागितला जातो. तो ठाऊक असलेले कर्मचारी बदलून गेलेले असतात. आणि सुस्थितीतील संगणक 'नादुरुस्त' असा शेरा घेऊन शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात पडून राहतो. वस्तुतः हे कुलूप कोठे असते हे समजून घेतले, तर अशी अनेक यंत्रे पुन्हा उपयोगात आणता येतील.

कुलूप कोठे असते?

संगणकाला वीज मिळताच विंडोज किंवा लिनक्स यांच्याही आधी एक छोटी आज्ञावली जागी होते. मदरबोर्डवरील चिपमध्ये साठविलेल्या या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. जुन्या संगणकांत ती 'बायोस' या नावाने ओळखली जाते. तिचा परवलीचा शब्द दोन प्रकारचा असतो. एक, यंत्र सुरू होण्यासच अटकाव करणारा. दुसरा, केवळ मूळ मांडणीत बदल करू न देणारा. हा शब्द डिस्कवर नसतो. म्हणूनच विंडोज नव्याने बसविल्याने किंवा डिस्क बदलल्याने तो नाहीसा होत नाही.

१९८४ मध्ये आयबीएम कंपनीने बाजारात आणलेल्या पीसी-एटी या संगणकात मांडणीची माहिती ६४ बाइटच्या 'सीमॉस' स्मृतीत ठेवलेली असे व यंत्र बंद असताना ती बॅटरीवर टिकून राहत असे. पुढील अनेक टेबलावरील संगणकांनी हीच पद्धत स्वीकारली. त्यांतील रुपयाच्या नाण्यासारखी, ३ व्होल्टची 'सीआर २०३२' बॅटरी त्यासाठीच असते.

उघडण्याची रीत

प्रथम संगणक बंद करून विजेची तार भिंतीपासून काढावी आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बाजूचे झाकण उघडल्यावर धातूच्या सांगाड्यास हात लावावा. अंगावरील स्थिर विद्युत चिपला घातक ठरू शकते. वीजपुरवठ्याची बंद पेटी मात्र कदापि उघडू नये.

बहुतेक मदरबोर्डांवर दोन-तीन पिनांवर बसविलेले छोटे टोपण असते. त्यास जंपर म्हणतात. त्याच्याजवळ 'सीएलआर सीमॉस' किंवा 'पीएसडब्ल्यूडी' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. काही यंत्रांत हे टोपण काही सेकंद दुसऱ्या पिनांवर बसवून परत जागेवर ठेवावे लागते. काहींत ते काढून यंत्र एकदा सुरू करावे लागते. नेमकी कृती त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पाहावी. जंपर नसल्यास बॅटरी काही मिनिटे काढून ठेवण्याचा उपाय जुन्या यंत्रांत लागू पडतो. ही बॅटरी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. ती गिळली गेल्यास जिवावर बेतते.

यानंतर मूळ मांडणी पुसली जाते. म्हणून दिनांक, वेळ व डिस्कची मांडणी तपासून पुन्हा भरावी. डिस्क 'बिटलॉकर'ने सुरक्षित केलेली असल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागितला जाऊ शकतो. तो आधीच शोधून ठेवावा.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी

अनेक लॅपटॉपमध्ये हा शब्द विजेशिवायही टिकणाऱ्या चिपमध्ये असतो. तेथे बॅटरी काढून उपयोग होत नाही. थिंकपॅडचा पर्यवेक्षक शब्द विसरल्यास मदरबोर्डच बदलावा लागतो, असे उत्पादक कंपनी सांगते. इंटेल चिप असलेल्या ॲपल संगणकांसाठी मूळ खरेदीची पावती घेऊन कंपनीच्या सेवा केंद्राकडे जावे लागते. खरेदीचे देयक जपून ठेवणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

माहितीचे काय?

फर्मवेअरचा शब्द सामान्यतः डिस्कवरील माहिती सांकेतिक करीत नाही. त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडल्यास जुने दाखले व हजेरीपट वाचता येतात. ही दिलासा देणारी बाब आहे, तशीच इशारा देणारीही. कारण जे आपणास शक्य आहे, ते चोरासही शक्य आहे. डिस्कलाच स्वतंत्र परवलीचा शब्द असल्यास मात्र वरील उपाय चालत नाहीत.

अधिकार आणि नोंद

कुलूप उघडण्यापूर्वी यंत्राचा अनुक्रमांक जडसंग्रह नोंदवहीशी ताडून पाहावा, कार्यालयप्रमुखांची लेखी अनुमती घ्यावी आणि दोन व्यक्तींच्या समक्ष काम करून त्याची नोंद ठेवावी. मालकी सिद्ध न होणारे यंत्र उघडू नये. नवा परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावा आणि पदभार देताना किल्ल्यांच्या यादीत त्याचाही समावेश करावा.

एवढे करूनही यंत्र चालले नाही, तर डिस्कवरील माहिती सुरक्षित काढून घेऊन, ती डिस्कवरून पुसून, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण संस्थेकडे ते सोपवावे. परंतु तो शेवटचा मार्ग होय. भंगाराच्या यादीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी 'हे यंत्र बिघडले आहे, की केवळ कुलूपबंद आहे?' हा प्रश्न प्रत्येक कार्यालयाने विचारला, तर एखाद्या वर्गातील मुलांना आणखी एक संगणक मिळू शकेल.