कामाचा डोंगर आणि रिकामी तिजोरी

एखाद्या बांधकाम कंपनीच्या हाती किती कोटींची कामे आहेत, यावरून तिची थोरवी मोजण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ही रीत फसवी आहे. हाती घेतलेले काम ही संपत्ती नव्हे. ती जबाबदारी होय, आणि ती पार पाडण्यासाठी लागणारा पैसा बहुधा कंत्राटदारालाच आधी उभा करावा लागतो. सिमेंट, पोलाद, डिझेल आणि मजुरी यांचा खर्च आज होतो. कामाचे मोजमाप मागाहून होते, मग देयक तयार होते, आणि ते मंजूर होऊन रक्कम हाती पडेपर्यंत महिने, प्रसंगी वर्षे लोटतात. अनामत आणि बँक-हमी यांत भांडवल अडकते ते वेगळेच. कामाअभावी कंपनी बुडते हे सर्वांना समजते. कामाच्या अतिरेकानेही ती बुडू शकते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

२०२५ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय कंत्राटदारांनी थकलेल्या देयकांसाठी आंदोलने केली, तेव्हा जनतेत फारशी सहानुभूती उमटली नाही. कंत्राटदार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्या पावसात वाहून गेलेला रस्ता उभा राहतो, आणि ही प्रतिमा सर्वस्वी निराधार आहे असे म्हणवत नाही. परंतु देयक थकले म्हणजे कंत्राटदाराच्या मागे उभे असलेले उपकंत्राटदार, खडी पुरविणारे आणि रोजंदारीचे मजूर यांचेही पैसे थकतात, ही गोष्ट त्या प्रतिमेआड दडून राहते.

भांडवल आणि अनुभव

या व्यवसायाच्या वाढीचे मर्म समजून घेण्यास वालचंद हिराचंद यांच्याइतके बोलके उदाहरण नाही. सोलापूरच्या एका व्यापारी घराण्यातील हा तरुण कापूस आणि पेढी यांत रमला नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्याने रेल्वेची कंत्राटे घेण्यास आरंभ केला. एकापाशी भांडवल उभे करण्याची ताकद होती, दुसऱ्यापाशी रेल्वेच्या कारभाराची माहिती. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने पुढे केरळातील इडुक्कीचे कमानी धरण आणि मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू यांसारखी कामे केली. अवघड कामाची हातोटी हेच तिचे खरे भांडवल होते.

मालकीचा मोह

उदारीकरणानंतर या व्यवसायाचे स्वरूप पालटले. ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावर रस्ते, पूल खासगी कंपन्यांकडे सोपविण्यात आले आणि कंत्राटदार एका रात्रीत मालक झाला. बांधणाऱ्याने कर्ज काढावे, वाहतुकीचा अंदाज बांधावा आणि पथकरातून पंधरा-वीस वर्षे वसुली करावी, अशी ही योजना. पण उत्तम पूल बांधणे आणि वीस वर्षांची जोखीम पेलणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शननेही मुळशी तालुक्यातील डोंगरांत लवासा हे अख्खे शहर उभारण्याचे धाडस केले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीने ते काम थांबले, २०१२ मध्ये मूळ कंपनीला कर्जाची पुनर्रचना करून घ्यावी लागली आणि २०१८ मध्ये लवासा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेथे घरे घेणाऱ्यांची पुंजीही त्यासरशी अडकली.

या मोहातून लार्सन अँड टुब्रोही सुटली नाही. हैदराबादची मेट्रो हे त्याचे उदाहरण. परंतु १९३८ मध्ये दोन डॅनिश अभियंत्यांनी मुंबईत सुरू केलेल्या या कंपनीने एक शिस्त पाळली. आपल्या मुख्य व्यवसायाशी न जुळणारे उद्योग ती वेळोवेळी सोडत गेली. २००४ मध्ये तिने भरभराटीचा सिमेंट व्यवसायही हातावेगळा केला. काय वाढवावे याइतकेच काय सोडावे हे ठरविणे म्हणजेच परिस्थितीशी जुळवून घेणे होय.

सरकार नावाचे गिऱ्हाईक

मात्र सारा दोष कंपन्यांच्या हावेवर ढकलणे न्याय्य ठरणार नाही. या बाजारातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकार आहे, आणि जमीन ताब्यात नसताना काम सुरू करण्याचा हुकूम देणे, आराखडे मध्येच बदलणे व वाढीव खर्चाचा दावा लवादाकडे जाऊ देणे ही त्याची जुनी खोड आहे. लवादाने कंत्राटदाराच्या बाजूने कौल दिला तरी त्यास आव्हान देऊन रक्कम रोखून धरावयाची, हेही ठरलेले. २०१६ मध्ये केंद्र सरकारनेच, अशा वादग्रस्त निवाड्यांतील ७५ टक्के रक्कम बँक-हमीवर द्यावी, असा निर्णय घेतला. तरीही २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, आव्हान देताच निवाड्याला आपोआप स्थगिती मिळण्याची जुनी सोय मागील खटल्यांपुरती पुन्हा आणली गेली. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनने तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. सरकारी संस्थांकडून येणे असलेली कंपनी आपल्या पुरवठादारांच्या देण्यापायी दिवाळखोरीच्या दारात ओढली जावी, ही विसंगती त्या खटल्याने उघड केली.

यातून निघणारा बोध सरळ आहे. आवश्यक जमीन हाती आल्याखेरीज काम सुरू करण्याचा आदेश देऊ नये. अर्थसंकल्पात तरतूद नसेल तर निविदाच काढू नये. आणि ठरलेल्या मुदतीत देयक न दिल्यास व्याज आपोआप लागू व्हावे. २०१६ च्या जानेवारीत महामार्गांसाठी आलेल्या संमिश्र पद्धतीत ४० टक्के रक्कम बांधकाम चालू असतानाच सरकार देते. ही दिशा योग्य होय. कंपन्यांनीही आपल्या खेळत्या भांडवलाच्या आवाक्याबाहेर कामे घेऊ नयेत आणि केवळ निविदा मिळावी म्हणून तोट्याचा दर भरू नये. तोट्याचा दर अखेर कोठून भरून निघतो, हे सांगावयास नको. तो सिमेंटच्या प्रमाणातून निघतो, नाही तर मजुराच्या हजेरीतून. म्हणून कंत्राटदाराचे देयक वेळेवर चुकते करणे ही त्याच्यावरील मेहेरबानी नव्हे. तो पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.